नेट चालतं, पण शेजारचा कॉम्प्युटर दिसत नाही

घरात दोन कॉम्प्युटर आहेत. दोन्हींवर यूट्यूब चालतं, दोन्हींवर बँकेचं संकेतस्थळ उघडतं. पण खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची फाइल माडीवरच्या लॅपटॉपवर उघडायला गेलं की ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ असा निरोप येतो आणि माडीवरून दिलेली प्रिंट खालच्या प्रिंटरवर निघत नाही. जगाशी बोलणारी दोन यंत्रं एकमेकांशी मात्र बोलत नाहीत.

ही तक्रार कुठे कुठे उभी राहते हे नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या तालुक्याच्या गावात सहज दिसतं. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात कांद्याची बाजार समिती आहे. व्यापाऱ्याच्या गाळ्यात एका मशीनवर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर असतं आणि दुसऱ्यावर हिशोबपट्ट्या निघतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या एकेका खोलीत तीन-चार लॅपटॉप असतात. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अर्ज पुढच्या टेबलावर भरला जातो आणि प्रिंटर मागच्या मशीनला जोडलेला असतो. मळ्यात राहणाऱ्यांच्या कांदा चाळीवर कॅमेरा असतो आणि त्याचं रेकॉर्डिंग घरातल्या कपाटावरच्या यंत्रात होतं. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून कितीही वेगळी असली तरी त्यांच्या तक्रारीचं मूळ एकच आहे.

या दुखण्याचं कारण गेल्या पंचवीस वर्षांत पार बदललं, उपाय मात्र जुनेच राहिले. पूर्वी दोन कॉम्प्युटर जोडले जात नसत ते बिघाडामुळे. आज ते बहुतेक वेळा जोडले जात नाहीत ते सुरक्षेसाठी मुद्दाम लावलेल्या कड्यांमुळे. आपण मात्र अजूनही प्रत्येक वेळी कडीच उखडून काढतो.

मोकळ्या दारांपासून बंद दारांपर्यंत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. महाराष्ट्राच्या गावोगावी कॉम्प्युटर पोहोचवण्यात २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा वाटा मोठा. त्या काळच्या प्रशिक्षण केंद्रांत आठ-दहा मशीन एका हबला जोडलेली असत आणि विंडोज ९८ किंवा एक्सपीवर फोल्डर ‘शेअर’ केला की तो सगळ्यांना दिसे. अडलं तर बहुधा केबल सैल असे किंवा नेटवर्क कार्ड गेलेलं असे. २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि वाय-फायला घराघरांत शिरायची वाट मोकळी झाली. २००९च्या विंडोज ७मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘होमग्रुप’ आणला. एक पासवर्ड घातला की घरातली सगळी मशीन जोडली जात.

मग २०१७ साल उजाडलं. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याची जी जुनी पद्धत होती, एसएमबी आवृत्ती १, तिच्यातल्या त्रुटीचा फायदा घेऊन १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने ठप्प केलं. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आलं. तेही याच त्रुटीचा आणि मशीनमधून चोरलेल्या पासवर्डांचा वापर करत पसरलं. त्याच्या तडाख्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनलही सापडलं. नाशिक जिल्ह्याचा कांदा परदेशी निघतो तो प्रामुख्याने याच बंदरातून. म्हणजे एका कॉम्प्युटरमधून शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याची वाट उघडी राहिली की काय होतं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने एकेक दार बंद करायला घेतलं. २०१७च्या ऑक्टोबरपासून विंडोज १०मध्ये ही जुनी पद्धत आपोआप बसवणं थांबलं. २०१८च्या एप्रिलमधल्या आवृत्तीतून होमग्रुप काढून टाकला गेला. २०२१मध्ये प्रिंटच्या यंत्रणेत गंभीर त्रुटी सापडल्या, तेव्हा शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक झाले. २०२४च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने, प्रो प्रकारात, पासवर्डाशिवाय ‘गेस्ट’ म्हणून आत जाणंही बंद केलं. यातला प्रत्येक बदल रास्त होता. पण घरातल्या माणसाला त्याची वर्दी कुणी दिली नाही. त्याने फक्त अपडेट होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडेना.

खालून वर चढत जायचं

हा गुंता सोडवायची एकच खात्रीची रीत आहे. अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करायची आणि जिथे अडतं तिथेच थांबायचं. पायऱ्या पाच: जोडणी, पत्ता, वाट, परवानगी आणि नाव. वरच्या पायरीवरची सेटिंग्ज आधी बदलत बसलं की मूळ दोष बाजूला राहतो आणि चार नवे तयार होतात.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगता येतं. केबल असेल तर दोन्ही टोकांना दिवा लागतो का ते पाहावं. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मळ्यात घरापासून चाळीपर्यंत त्याहून लांब केबल ओढली, तर कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही. तिथे मधे स्विच घालावा किंवा फायबर टाकावी. उंदराने केबल कुरतडली तर ती पूर्ण बंदच पडेल असं नाही. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, १,००० एमबीपीएसला आठही लागतात. म्हणून उरलेल्या चारांपैकी एक तुटली, तर जोडणी राहते पण वेग दहापट घसरतो. वाय-फायचं म्हणाल, तर जुन्या दगडी वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी पलीकडे जाऊ देत नाहीत. २.४ची लहर त्यामानाने पोहोचते.

दुसरी पायरी पत्त्याची. बहुतेक तक्रारींचा उलगडा इथेच होतो, म्हणून ती नीट समजून घ्यावी. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ समोरचा आकडा कागदावर लिहून घ्यायचा. घरातले पत्ते साधारणतः १९२.१६८ने सुरू होतात, काही राउटरांत १०ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ने. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर दोन्ही मशीनचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत आणि चौथा वेगळा. पहिले तीन म्हणजे गल्ली, चौथा म्हणजे घर क्रमांक.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. लाइट जाऊन आली की हे हमखास होतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, राउटर बंद पडून पुन्हा उठतो आणि मधल्या वेळात पत्त्याची मागणी फुकट जाते. राउटर पूर्ण चालू झाल्यावर मशीनचं नेटवर्क एकदा बंद-चालू केलं की बहुधा काम भागतं. याचंच दुसरं रूप म्हणजे लाइट आल्यावर मशीनचा पत्ता बदलणं. शेअर केलेला फोल्डर किंवा प्रिंटर पत्त्याने जोडला असेल, तर तो जुन्या पत्त्यावर शोधला जातो आणि सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवला की ही कटकट कायमची मिटते. राउटरलाही छोटा बॅकअप द्यावा, तो खर्च वाया जात नाही.

दोन राउटरचं घर

दोन्ही पत्ते व्यवस्थित आहेत पण गल्लीच वेगळी, हा प्रकार आज सर्वांत जास्त आढळतो. फायबर घेतलं की कंपनी स्वतःची पेटी बसवते. ती पेटीच राउटरही असते. घरात आधीचा राउटर असतोच, तो टाकवत नाही. मग तो माडीवर नेला जातो आणि नव्या पेटीतली केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात खुपसली जाते. माडीवर वाय-फाय येतं आणि घर खूश होतं.

आता आकडे पाहा. खालच्या डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.२९.१४. माडीवरच्या लॅपटॉपचा १९२.१६८.१.३७. तिसरा आकडा वेगळा आहे. जुन्या राउटरने माडीवर स्वतंत्र नेटवर्क उभं केलं आहे आणि ते खालच्यांसाठी बंद आहे. त्यामुळे गंमत अशी होते की माडीवरून खालच्या मशीनचा आकडा टाकला तर ते उघडू शकतं, पण खालून वर काही केल्या जाता येत नाही आणि नावाने तर कुठूनच सापडत नाही. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी ज्याची तक्रार असते, त्याच्या घरी बहुधा हेच असतं.

उपाय अगदी साधा आहे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. नसेल, तर त्याचा स्वतःचा पत्ता नव्या पेटीच्या गल्लीतला पण कुणी न वापरलेला ठेवावा, त्यातलं डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याचं काम बंद करावं आणि केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या भोकात घालावी. सेटिंग आधी, केबल नंतर, हा क्रम पाळावा. एवढं केल्यावर घर पुन्हा एका गल्लीत येतं. विंडोजला हातही लावावा लागत नाही.

एक मशीन ब्रॉडबँडवर आणि दुसरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तरीही हाच प्रकार होतो. दोन्हींवर नेट चालतं, म्हणून शंका येत नाही. वाय-फायचं ‘गेस्ट’ नेटवर्कही तसंच. पाहुण्यांनी घरातल्या मशीनमध्ये डोकावू नये, यासाठीच ते वेगळं ठेवलेलं असतं. काही राउटरांत ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘एपी आयसोलेशन’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर एकाच वाय-फायवरची यंत्रंही एकमेकांना दिसत नाहीत. वसतिगृहांत ती मुद्दाम चालू ठेवतात आणि ते योग्यच आहे. तिथे मुलांनी आपला वेगळा छोटा राउटर खोलीत लावायचा तर आधी व्यवस्थापनाला विचारावं.

वाट आहे की अडवणूक?

गल्ली एक आहे, तरी मशीन सापडत नाही. मग तिसरी पायरी. एका मशीनवरून दुसऱ्याच्या पत्त्याला ‘पिंग’ करावं. उत्तर आलं तर वाट मोकळी आहे. नाही आलं, तरी वाट बंद आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देणं अडवू शकते. इथे फारशी न वापरली जाणारी एक आज्ञा फार उपयोगी पडते: पिंगनंतर लगेच ‘आर्प’, जागा सोडून उणे चिन्ह आणि ए. येणाऱ्या यादीत दुसऱ्या मशीनच्या पत्त्यासमोर बारा अक्षर-आकड्यांचा ‘फिजिकल ॲड्रेस’ दिसला, तर दोन्ही मशीन एकमेकांपर्यंत पोहोचत आहेत आणि अडवणूक त्या मशीनच्या फायरवॉलची आहे. यादीत तो पत्ता नसेल, तर दोष केबलचा, वाय-फायचा किंवा आयसोलेशनचा. दोन ओळींच्या या तपासणीने निम्मं काम होतं, कारण राउटरकडे पाहायचं की विंडोजकडे, हे नक्की ठरतं. दुसरं मशीन ‘स्लीप’मध्ये नाही ना, एवढं मात्र आधी पाहून घ्यावं.

विंडोजमध्ये पहिली कडी असते ती नेटवर्कच्या प्रकाराची. प्रत्येक नव्या नेटवर्कला विंडोज ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानतं. विंडोज ११ सहसा पब्लिकच धरून चालतं, म्हणजे आपण एसटी स्टँडवर किंवा हॉटेलात बसलो आहोत असं समजून मशीन लपवतं. ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. राउटर बदलला किंवा वाय-फायचं नाव बदललं की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क होतं आणि प्रकार पुन्हा पब्लिक होतो. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करावं, मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन बटणं फक्त प्रायव्हेटखाली चालू करावीत. वेगळं अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तिथेही हाच प्रकार ठरवावा लागतो. कचेरीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन असेल, तर ते घरातलं नेटवर्क बहुधा मुद्दाम तोडतं. तो मालकाचा नियम आहे, त्याच्याशी झगडू नये.

किल्ली कुणाच्या हाती

मशीन दिसतं, पण फोल्डर उघडायला गेलं की नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि कुठलाच पासवर्ड चालत नाही. याची तीन कारणं ठरलेली आहेत. लोक रोज वापरतात तो चार आकडी पिन घालतात, पण तो पिन त्या एका मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरं, ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. तिसरं, फोल्डरवर दोन स्तरांच्या परवानग्या असतात, शेअरिंगची आणि फाइलींची. दोन्हींपैकी जी कडक, ती चालते.

यावर उत्तम मार्ग असा की, ज्या मशीनवर फाइल आहेत तिथे शेअरिंगपुरतं एक साधं स्थानिक खातं उघडावं, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि एका ठरावीक फोल्डरची परवानगी फक्त त्यालाच द्यावी. दुसऱ्या मशीनवर तोच पासवर्ड एकदा जतन केला की रोज विचारणा होत नाही. टॅलीबाबत एक गोष्ट वेगळी आहे. एकाच वापरकर्त्याचा ‘सिल्व्हर’ परवाना घेतला असेल, तर दुसऱ्या मशीनवर ती न चालणं हा नेटवर्कचा दोष नव्हे. त्यासाठी ‘गोल्ड’ परवाना लागतो.

शेवटची पायरी नावाची. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट पत्ता टाकला की फोल्डर उघडतो, पण ‘नेटवर्क’ या खिडकीत मशीन दिसत नाही, असं असेल तर फार काळजी करू नये. ती खिडकी म्हणजे केवळ यादी आहे, त्यामागची सेवा बंद असली की यादी रिकामी राहते. पत्ता राखून ठेवून ड्राइव्ह जोडला की काम चालतं. ‘वर्कग्रुपचं नाव सारखं हवं’ हा सल्ला अजून ऐकू येतो, पण नाव वेगळं असलं म्हणून जोडणी तुटत नाही.

कोणते उपाय घ्यावेत, कोणते टाळावेत

ओळखीचे लोक, व्हिडिओ आणि दुकानदार यांच्याकडून जे उपाय मिळतात, त्यांत तीन वर्ग पडतात. राउटर बंद-चालू करणं, नेटवर्कचा प्रकार तपासणं, पत्ते जुळवणं हे निरुपद्रवी आहेत. आधी तेच करावेत. नेटवर्क रीसेट करणं मधल्या वर्गातलं. त्याने कधी गुण येतो, पण साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात. आणि फॉरमॅट मारणं हा तर उपायच नाही. दोष राउटरात असेल तर दहा वेळा फॉरमॅट मारूनही तो तिथेच राहणार, वर दिवस वाया आणि फाइली धोक्यात.

तिसरा वर्ग धोक्याचा: फायरवॉल कायमची बंद करा, एसएमबी १ चालू करा, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा, ‘एव्हरीवन’ला सगळे हक्क द्या. शेअर केलेला प्रिंटर ‘०११बी’ने संपणारा एरर दाखवू लागला की रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करायला सांगतात, तेही याच वर्गातलं, कारण त्या नोंदीने २०२१ साली बसवलेलं संरक्षणच काढलं जातं. हे उपाय चालतात, म्हणूनच पसरतात. पण सेवा केंद्राच्या मशीनमध्ये लोकांच्या आधार कार्डांच्या, सातबाऱ्यांच्या, जातीच्या दाखल्यांच्या प्रती असतात. गाळ्यातल्या मशीनमध्ये शेतकऱ्यांचे बँक तपशील असतात. २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने ही जबाबदारी आता कागदावरही आली आहे. दुसऱ्याचे कागद आपल्या घरात असताना दाराची कडी काढून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. फायरवॉलवर संशय असेल, तर इंटरनेटची वायर काढून फायरवॉल दोन मिनिटं बंद करून पाहावी आणि लगेच चालू करावी. तपासासाठी एवढं पुरेसं आहे.

प्रिंटरबाबत माझं मत स्पष्ट आहे: एका मशीनचा प्रिंटर दुसऱ्याशी शेअर करण्याचे दिवस संपले. नवा घ्यायचा असेल तेव्हा वाय-फायचा किंवा नेटवर्क केबलचा घ्यावा, त्याला राउटरमध्ये राखीव पत्ता द्यावा, आणि प्रत्येक मशीन त्याच्याशी थेट जोडावं. मग एक मशीन बंद असलं म्हणून दुसऱ्याची प्रिंट अडत नाही.

फाइलींसाठी मात्र घरचं नेटवर्क अजूनही सोडू नये. कनेक्शनचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल, तर एक जीबीची फाइल ऑनलाइन चढवायला सहा-सात मिनिटं लागतात आणि उतरवायचा वेळ वेगळा. तीच फाइल घरातल्या गिगाबिट केबलवरून दहा-बारा सेकंदांत जाते, नेट बंद असलं तरी जाते आणि परक्या सर्व्हरवर तिची प्रत राहत नाही.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ किंवा १० आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. जुनं मशीन नव्याशी जुळत नाही म्हणून नव्याची सुरक्षा उतरवू नये. जुन्यावरच्या कामाच्या फाइली हलवाव्यात आणि ते शक्य तेवढ्या लवकर नेटवर्कबाहेर काढावं.

एवढं वाचून झाल्यावर घरात एकच काम करा. राउटरशेजारी एक कागद चिकटवा. त्यावर राउटरचा पत्ता, प्रत्येक मशीनचं नाव आणि राखीव पत्ता, प्रिंटरचा पत्ता आणि कुठली केबल कुठल्या भोकात आहे, एवढं लिहा. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो घरातल्या जबाबदार माणसाच्या वहीत ठेवा. पुढच्या वेळी मशीन दिसेनासं झालं की त्या कागदाशी आजचे आकडे ताडून पाहा. दुरुस्तीला माणूस बोलावला तर आधी तो कागद त्याच्या हातात द्या, आणि कोणती सेटिंग बदलली ते त्याच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या.